चौथी नळी

माह्या धाकट्या जावेची थुंकी आमच्या फ्रिजात दह्याच्या गंजामागं ठेवली होती, अन् तिची राखण माह्याकडं होती. चार बारक्या नळ्या, एकेकीत कापसाची एकेक वळकटी. ती वळकटी तोंडात धरून दोन मिनिटं चावायची, पुन्हा नळीत टाकायची, झाकण लावायचं, वर वेळ लिहायची. सकाळी उठल्याबरोबर पहिली, अर्ध्या तासानं दुसरी, दुपारी तिसरी अन् संध्याकाळी सात वाजता चौथी. लेकरांनी खेळू नये, सासूनं किळस येऊन उकिरड्यावर फेकू नये, म्हणून राखणदार मी. घरात कोणाचंही काही राखायचं असलं का मलेच हाक येते.

खरं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगाले सोपं जाईन. मी तिच्यावर जळत होती. थोडंथोडकं नाई. ती नोकरीवाली अन् मी घरवाली, एवढ्यासाठी नाई. तिचा पगार घरातच येये, त्याचं मले सुखच होतं. मी जळत होती तिच्या दुखण्यावर. बायका दागिन्यावर जळतात, लुगड्यावर जळतात. मी दुसरीच्या आजारावर जळली, अन् ते बी तो आजार माह्या डोळ्यानं पाहून.

आमचं गाव जैनथच्या पुढं, पैनगंगेकडं. सासरा तहसील ऑफिसात चपराशी होता, आता घरी असते. माहे मालक भाजी पिकवतात अन् आदिलाबादच्या बाजारात नेतात. दीर बस डेपोत मिस्त्री. धाकटी जाऊ वांकिडीकडची, मास्तरीण. इंद्रवेल्लीच्या अलीकडं एका शाळेत शिकवते. दोन बसा बदलून जाये, दोन बसा बदलून येये. थंडीच्या सुरुवातीले एक दिवस बसमंदीच तिची छाती धडधडाले लागली. हाताले मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता मरतो असं तिले वाटलं. कंडक्टरनं बस थांबवून पाणी पाजलं. मंग ते पुन्हा झालं, पुन्हा झालं. दवाखान्यात छातीची पट्टी काढली तर दिल ठणठणीत निघालं. डॉक्टरनं गोळी लिहून देली अन् सांगतलं का हे भीतीचे झटके आहेत, गोळीसंग समुपदेशनवाल्या मॅडमकडं बी जा.

आता माहं ऐका. दुसरी पोरगी झाल्यावर मलेबी हेच झालं होतं. हेच, एक बी गोठ वेगळी नाई. भाकर थापता थापता छाती उडे, हात गार पडत, तव्यावरची भाकर जळे तरी मले उलथता येत नसे. मी सासूले म्हटलं, आई, मले काही तरी होऊन राह्यलं. सासूनं निंबूपाणी देलं, पदरानं वारा घातला अन् म्हणे, "पित्त आहे. वावरात गेली का उतरते." दुसऱ्या दिवशी मी कापूस वेचाले गेली. असं दोन वर्षं चाललं, मंग ते गेलं. का गेलंच नाई अन् मलेच सवय झाली, कोणाले माहीत. तवा त्याले नाव नव्हतं. धाकटीले झालं तवा त्याले नाव होतं, गोळी होती, मॅडम होती. अन् दर शनिवारी तिले आदिलाबादले नेणारी मी होती, कारण तिले एकटीले बसमंदी भीती वाटे.

मॅडमची खोली एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. तिथं एक गादीची खुर्ची होती दुखणाईतासाठी, अन् दाराजवळ एक स्टूल होता संगतीवाल्यासाठी. मॅडम तेलुगु, पण जन्म आदिलाबादचा, त्यामुळं मराठी-हिंदी मिसळून बोले. मले 'अक्का' म्हणे. पहिले पाच मिनिटं मले आत बसू देये, मंग म्हणे, "अक्का, थोडं बाहेर बसता का?" मी बाहेरच्या बाकड्यावर बसे. आतून धाकटीचं रडणं ऐकू येये, कधी हसणं. पाऊण घंटा कोणी तरी तिचं ऐकून राह्यलं. मी हिशेब लावे, का माह्या आयुष्यात कोणी मले सलग पाऊण घंटा कवा ऐकलं? मले पाहाले आले तवा बी दहा मिनिटांत उठले होते.

घरात तर विचारूच नका. ज्या सासूनं मले वावरात धाडलं, तीच धाकटीच्या बॅगेत मुरमुऱ्याची पुडी घाले, "बसमंदी तोंड चाळवत जाय माय, जीव घाबरत नाई." सासरा रेडिओ हळू लावे. दीर तर संध्याकाळी सातले फाट्यावर उभाच. ती बसमधून उतरली का तिची बॅग हा घेये, मंग दोघं चालत घरी येत अन् ओट्यावर बसत. मी आतून चहा आणून देये. ती दिवसभराचं सांगे, तो ऐके. कधी तो तिचे तळपाय मांडीवर घेऊन दाबे, उघड्यावर, मायबापापुढं. मी कप ठेवून आत येये अन् लसूण असा ठेचे का खलबत्ता पालथा व्हाचा.

माहा मालक वाईट माणूस नाई. पण त्यानं माहे पाय पाह्यले असतील तर काटा काढतानाच.

एका शनिवारी मॅडमनं मले बाहेर धाडायच्या आधीच ते नळ्यांचं सांगतलं. म्हणे, आपल्या अंगात एक हार्मोन असते, कॉर्टिसॉल. सकाळी ते चढते, तेच आपल्याले उठवते. दिवस उतरते तसं ते बी उतरते, संध्याकाळी अगदी कमी व्हाले पाहिजे. ज्याच्या मनावर ताण, त्याचं हे चढणं-उतरणं कधी कधी बिघडते. थुंकीत ते मोजता येते, नळ्या हैदराबादच्या लॅबले धाडायच्या. "आता एकदा मोजू, तीन महिने श्वासाचे व्यायाम अन् आपलं बोलणं करू, मंग पुन्हा मोजू. यावरून आजार ठरत नाही, हां. हा फक्त आपल्या बोलण्याले एक आधार." धाकटीनं मान हलवली. मॅडम पुढं म्हणे, "एकच अट. दिवस रोजच्यासारखा जाऊ द्या. काही वेगळं करायचं नाही."

मी स्टुलावर बसून एकच गोठ ऐकली, का याचा आकडा निघते. मनातलं जे काही असते, ज्याले सासू पित्त म्हणे अन् मालक 'तुहं नेहमीचंच' म्हणे, त्याचा हैदराबादहून कागद येते. छापील. परतताना बसमंदी मी धाकटीले विचारलं बी, "कोणाचं बी मोजता येते का हे?" ती म्हणे, "येत असन. काऊन, बाई?" मी म्हटलं, "अशीच विचारून राह्यली." अन् खिडकीबाहीर पाह्यलं.

आता आमच्या घरच्यांनी काय केलं ते पाहा. सासऱ्याची सारी हयात साहेबाच्या मुआयन्यात गेली. मुआयना म्हणजे वरचा साहेब ऑफिस तपासाले येते तो दिवस. त्या दिवशी फाटकी फाइल मागच्या खोलीत, मोडकी खुर्ची मागच्या खोलीत, भांडखोर कारकून सुट्टीवर, फरशी फिनाइलनं धुतलेली. साहेबानं कागदावर 'ठीक' लिहिलं का मंग सगळं पुन्हा जागच्या जागी. त्याच्या डोक्यात हे असं पक्कं बसलं होतं, का हैदराबादले काही जाऊन राह्यलं म्हणजे मुआयनाच. आदल्या दिवशी त्यानं आमाले सगळ्याईले बसवून सांगतलं, "उद्या सुनेची तपासणी आहे. उद्या घरात कोणाचा आवाज चढला नाई पाहिजे. कागद चांगला आला पाहिजे, बदनामी आपल्या घराची आहे."

मी म्हटलं, "मामाजी, मॅडमनं रोजच्यासारखंच राहा म्हटलं."

"असं सगळे साहेब म्हणतात," सासरा म्हणे.

झालं. धाकटीनं शाळेतून सुट्टी घेतलेलीच होती. सकाळपासून घर असं का ओळखू येईना. टीव्ही बंद. सासूनं तोंडाले कुलूप घातलं, बाजूच्या घरची कोंबडी अंगणात आली तरी तिले शिवी देली नाई. माह्या पोरींना आत्याकडं धाडलं. मालक बाजारातून पावलं न वाजवता आले अन् जेवले. दिरानं सुट्टी काढून दुपारी धाकटीले उन्हात खाट टाकून देली, वर चादर. पहिली नळी झाली, दुसरी झाली, दुपारची तिसरी झाली. ती चावे, मी वेळ पाही, ती लिही, मी फ्रिजात ठेवी. एवढी शांती त्या घरात माह्या लग्नापासून मी पाह्यली नव्हती. सैपाक, धुणं अन् भांडे मात्र मुआयन्यातून सुटले होते. ते माहे मीच करून राह्यली होती.

संध्याकाळी सातला मी चौथी नळी घेऊन तिच्या खोलीत गेली. ती झोपली होती. गोळीची झापड असन, उन्हात पडल्याचा सुस्तावा असन, पण महिन्याभरात पहिल्यांदा ती अशी गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं टाकून, लेकरावाणी. दीर उशाशी बसला होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं. मागून सासू आली अन् मले बाहीर ओढून म्हणे, "नको उठवू. किती दिवसांनी डोळा लागला पोरीचा. राहू दे तुही नळी."

तुही नळी म्हणे. जशी काही माह्याच हौशेची.

मी सैपाकघरात आली. चुलीवर डाळ होती. सगळ्याईचा चहा झाला होता, माहा व्हायचा होता. मी नेहमी शेवटी पिते. नळी माह्या मुठीत होती. मी ती पाह्यली अन् माह्या मनात आलं, का हिले झोपेत बी जपतात अन् मले जागेपणी बी कोणी विचारत नाई. छाती धडधड करत होती. मी दाराची कडी लावली, वळकटी काढली अन् तोंडात घातली. कापसाले काही चव नसते. मी घड्याळात पाहून दोन मिनिटं चावली, वर एक मिनिट जास्त चावली. मंग नळीत टाकली, झाकण दाबलं, सात वाजून दहा मिनिटं लिहिलं अन् इतर तिघींच्या रांगेत उभी केली.

कोणाचं वाईट करावं असं तवा मनात नव्हतं, हे मी आज बी शपथेवर सांगते. मले फक्त माहा आकडा पाहायचा होता, एकदा. तो तिच्या नावानं आला तरी चालन, मले तर माहीत राहीन.

धाकटी आठ वाजता उठली अन् घाबरून म्हणे, "बाई, चौथी नळी राह्यली ना."

"देली की तू," मी म्हटलं. "झोपेतच चावली. मी पाठीशी उशी लावून बसवलं तुले. आठवत नाई का?"

तिनं कपाळ चोळलं. "या गोळीनं काहीच आठवत नाई," म्हणे. अन् माहा हात धरून म्हणे, "तू होती म्हणून बरं, बाई."

दहा-बारा दिवसांनी कागद आला. मॅडमनं आमाले दोघीले दाखवला. त्यावर दोन रेघा होत्या. एक फिक्या रंगाची, कशी पाहिजे ती. दुसरी काळी, धाकटीची. सकाळी वर, मंग उतरत उतरत दुपारी खाली, अगदी फिक्या रेघेसंग. अन् तिथून ती काळी रेघ मान वर करून उठली होती. संध्याकाळी सातला दुपारपेक्षा उंच.

माही चोरी पकडली जाईन असं वाटलं अन् त्याच्यासंगच, खोटं काऊन बोलू, एक आनंद बी झाला. तो उंच ठिपका माहा होता. माह्या दुखण्याचा फोटो निघाला होता अन् तो माह्यापुढं टेबलावर पडला होता.

मॅडम चष्मा वर करून म्हणे, "सकाळ चांगली आहे, दुपार चांगली आहे. एका दिवसावरून मी काही ठरवत नाही. पण विचारते. संध्याकाळी सात वाजता काय होते तुमच्या घरी?"

धाकटी विचारात पडली. "काही नाई, मॅडम. मी घरी येते. नवऱ्यासंग बसते. चहा पिते."

"बरं," मॅडम म्हणे. "घाई नाही. या संध्याकाळच्या वेळेकडं जरा लक्ष ठेवा, आपण बोलू." अन् माह्याकडं वळून, "अक्का, थोडं बाहेर बसता का?"

त्या दिवशी बाकड्यावर बसून मी हात चोळत होती. सात वाजता काय होते ते मले माहीत होतं. खोलीत जिले विचारलं तिले माहीत नव्हतं, अन् जिले माहीत होतं ती बाहीर होती.

मॅडमनं निकाल देला नव्हता, पण धाकटीनं तो लावून घेतला. मास्तरीण ती, कागदावर जे लिहिलं ते तिच्यासाठी खरं. संध्याकाळी आपल्याले काही तरी होते अन् ते आपल्यालेच कळत नाई, या विचारानं ती पोखरली. संध्याकाळी तिच्यासंग कोण असते? नवरा. मंग ती त्याच्याकडं पाहाले लागली. तो बॅग घ्याले हात पुढं करे तर ही म्हणे, "राहू दे, मी नेते." तो ओट्यावर बसे, ही सरळ आत. पायाले हात लावला का पाय आखडून घेये. तिनं बदलीची दरखास्त बी लिहाले घेतली, वांकिडीकडं, माहेराजवळ. म्हणे काही महिने तिकडं राहून पाहते.

सुरुवातीचे चार-सहा दिवस माहे कसे गेले सांगू? मजेत. ओटा रिकामा. मी चहाचा एकच कप बाहीर नेऊन देये अन् आत येऊन गुणगुणे. खलबत्ता जागच्या जागी राहे. मालक म्हणाले बी, "आजकाल भाजी बरी करून राह्यली तू." हे सांगताना माही मान खाली जाते, पण झालं ते असं.

मंग ती माह्याजवळ येऊन बसाले लागली. बसमधून उतरली का तोंड धुऊन सैपाकघरात, माह्या पाटाशेजारी. लसूण सोले, मेथी निवडे, अन् शाळेतल्या ज्या गोठी ती ओट्यावर सांगे त्या आता मले सांगे. कोणत्या पोरीनं पाढे बिनचूक म्हटले, कोणत्या मास्तरनं डबा चोरून खाल्ला. मी आधी हूं हूं करे. मंग मी बी सांगाले लागली. तिच्यासंग हसता हसता एक दिवस माही डाळ उतू गेली. कोणी माह्यासाठी सात वाजता आत येऊन बसते, असं त्या घरात कवा झालं नव्हतं.

एक दिवस ती लसणाची पाकळी हातात धरून थांबली अन् म्हणे, "बाई, तूच सांग मले. तू रोज पाहते. संध्याकाळी तो माह्यासंग काही वाकडं वागते का? मलेच दिसत नसन. मले फक्त तुह्याजवळ बरं वाटते."

मी म्हटलं, "डाळीले फोडणी देऊ दे." अन् चुलीकडं वळली.

त्याच आठवड्यात दिरानं मले विहिरीपाशी गाठलं. मोठा माणूस, डेपोत इंजिनं उचलणारा, अन् दोरी हातात घेऊन लेकरासारखा उभा. म्हणे, "वहिनी, मी काय केलं? ती म्हणते कागदात आलं, संध्याकाळी तिले त्रास होते. संध्याकाळी तर मीच असतो. मी फाट्यावर जाणं बंद करू का?"

मी त्याले म्हटलं, "जात जा." अन् घागर उचलून घरी आली. पाणी अर्धं वाटेतच हिंदकळलं.

त्या शनिवारी धाकटीच्या बॅगेत दरखास्तीचा कागद होता. मॅडमले दाखवून सोमवारी ऑफिसात द्यायचा होता. बसमंदी तिले पुन्हा झटका आला, पहिल्यापेक्षा जोराचा. मी तिचे हात चोळले, मॅडमनं शिकवल्यासारखे श्वास मोजून देले, चार आत, सहा बाहीर. तिची नखं माह्या मनगटात रुतली. एवढी सुधरलेली पोरगी, अन् ही पुन्हा बुडून राह्यली होती, माह्या थुंकीत.

खोलीत ती खुर्चीवर बसली, मी स्टुलावर. मॅडमनं पाच मिनिटांनी नेहमीसारखं म्हटलं, "अक्का, थोडं बाहेर..."

"नाई," मी म्हटलं. "मले आधी बोलायचं आहे. ती चौथी नळी माही आहे."

मॅडमले कळलं नाई. मी पुन्हा सांगतलं. ती झोपली होती, मी चावली, मी वेळ लिहिली, मी खोटं बोलली. अन् पहिल्या तीन नळ्या बी खऱ्या नाई, त्या दिवशी आमच्या घरात मुआयना होता. एका दमात सांगतलं, कारण मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

मॅडमनं पेन खाली ठेवलं. धाकटीनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं, अन् तिचा चेहरा पाहून मले वाटलं का हिनं मले मारावं, म्हणजे बरं होईन. ती हळूच म्हणे, "तीन आठवडे मी माह्या नवऱ्याकडं चोरासारखं पाह्यलं, बाई. तो रडला माह्यापुढं. अन् मी लसूण सोलाले तुह्याजवळ येऊन बसत होती."

"हो," मी म्हटलं.

"काऊन केलं?"

मी म्हटलं, "मलेबी कागद पाहिजे होता."

ती उठली. मले वाटलं निघून चालली. ती दारापर्यंत गेली, मंग तिनं बॅगेतून दरखास्तीचा कागद काढला, त्याची चौघडी केली अन् पुन्हा बॅगेत ठेवला. माह्याकडं न पाहता म्हणे, "तिकडं बस." खुर्ची दाखवली. मी उठली तशी ती स्टुलावर बसली.

ती खुर्ची फार मऊ होती. मले टेकून बसता येईना. मॅडमनं खाली ठेवलेलं पेन बाजूले सारलं. मंग म्हणे, "चोरून केलं, घाबरून केलं, तर तेवढ्यानं बी आकडा चढते. आगीजवळ उभ्या होत्या, त्यानं बी. त्या नंबरवर जाऊ नका. हिची तपासणी आपण पुन्हा करू, या वेळी खरोखर रोजच्यासारख्या दिवशी."

"अन् माही?"

"तुम्हाले नळीची गरज नाही, अक्का," मॅडम म्हणे. "तुम्ही तर तोंडानं सांगून राह्यल्या. सांगा. सात वाजता काय होते?"

इतके दिवस मले हाच सवाल पाहिजे होता. आता तो माह्यापुढं होता अन् ज्या माणसापुढं त्याचा जवाब द्यायचा नव्हता तेच पाठीमागं स्टुलावर बसलं होतं. तिले बाहीर धाडा, असं मी म्हणू शकली असती. नाई म्हटलं.

"ही येते," मी म्हटलं. "हिचा नवरा फाट्यावर उभा राह्यते. हिची बॅग घेते. दोघं ओट्यावर बसतात, तो हिचे पाय दाबते. अन् मी चहा ठेवते. रोज. मलेबी असंच झालं होतं, मॅडम, हिले झालं तसंच. मी दुसऱ्या दिवशी कापूस वेचाले गेली."

मागून स्टूल करकरला.

परतीच्या बसमंदी ती वेगळ्या सीटवर बसली. आख्खा रस्ता खिडकीकडं तोंड. फाटा आला, आमी उतरलो. दीर तिथंच उभा होता. मी सांगतलं तसा तो रोज येतच होता, बॅग मिळो न मिळो. धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राह्यली, बॅग त्याच्या हातात देली, अन् त्याच्या शर्टाच्या बाहीले डोळे पुसले, तिथंच, चार लोकांत. तो गोंधळून माह्याकडं पाहे. ते दोघं पुढं चालले, मी मागं. अन् माह्या छातीत तेच सुरू झालं, जसं रोज होते. सांगून टाकल्यानं ते गेलं नव्हतं. मी चार आत, सहा बाहीर करत घरापर्यंत आली.

चपला काढून मी सैपाकघरात जाऊ लागली तर धाकटी दारात आडवी. डोळे लाल, आवाज कोरडा.

"तू बाहीर बस," म्हणे. "चहा मी ठेवते. पण मी तुह्याशी बोलणार नाई अजून."

मी ओट्यावर बसली. दीर एका टोकाले, मी दुसऱ्या टोकाले. सात वाजले होते. सासूनं आतून विचारलं का आज मोठी बाहीर काऊन बसली. धाकटी तीन कप घेऊन आली, एक त्याच्यापुढं ठेवला, एक माह्यापुढं, जरा आदळूनच, अन् तिसरा घेऊन आमच्या दोघांच्या मधात बसली. माह्याकडं तिची पाठ होती. चहा गरम होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून सात वाजता गरम चहा मी पहिल्यांदाच पेत होती.